मदत हवी आहे: श्वेत बटू + लाल बटू जोडी, सोडियम आणि एच-अल्फाचे वेग जुळत नाहीयेत

नमस्कार मंडळी, महिनाभर एकाच जोडताऱ्यावर अडकलोय म्हणून विचारतोय. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे ह्या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातला स्पेक्ट्रम (वेव्हलेंथनुसार पसरलेला प्रकाश) आहे, बघितल्या बघितल्या कळतं की दोघं आहेत, निळ्या बाजूला हायड्रोजनच्या रुंदच्या रुंद दऱ्या म्हणजे श्वेत बटू (मेलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) आणि लाल बाजूला टायटॅनियम ऑक्साइडचे करवतीसारखे दाते म्हणजे लाल बटू (लहान, थंड तारा). दुर्बिणीत एकच ठिपका आणि प्रकाशात असे दोन तारे सुटे सुटे दिसतात, मला अजूनही भारी वाटतं ते.

तर रेषा किती सरकल्यात त्यावरून मला लाल बटूचा वेग काढायचाय, म्हणजे ही जोडी कॉमन एन्व्हलपमधून (एक तारा फुगून दुसराही त्याच्या वायूत बुडतो ती अवस्था) जाऊन जवळ आलेली आहे का ते कळेल. एकत्र केलेला स्पेक्ट्रम घेतला नाही, कारण पिरियड (एका फेरीचा वेळ) काही तासांचाच असेल तर बेरजेत रेषा पुसट होणार, त्याच फिट्स फाइलमधली १५-१५ मिनिटांची तीन सुटी एक्स्पोजर घेतली. सोडियमची जोडरेषा ८१८३.२७ आणि ८१९४.८१ अँगस्ट्रॉम (वेव्हलेंथचं एकक) धरून फिट केली, वेग आले १९२, २२७, २४७ किमी/से. मग एच-अल्फाची (हायड्रोजनची लाल रंगातली) एमिशन म्हणजे उजळ रेषा ६५६४.६ धरून केली तर ९२, १२०, १३६. दोन्ही रेषा लाल बटूच्याच ना? मग १०० च्या वर फरक कुठून आला? आधी ग्रॅव्हिटेशनल रेडशिफ्टचा (ताऱ्याच्या गुरुत्वामुळे रेषा लाल बाजूला सरकण्याचा) संशय आला, पण ती श्वेत बटूच्या रेषांना लागेल, ह्यांना नाही, आणि साधारण श्वेत बटूसाठी ती ३० किमी/से च्या आसपासच भरते. कोड तीनदा तपासला. कुणीतरी बघा प्लीज.

प्रतिसाद १:
कोड बरोबर असेल, आकडे बघा. तुमचं ६५६४.६ निर्वातातलं आहे आणि ८१८३.२७ हवेतलं, हवेत वेव्हलेंथ जराशी कमी भरते. स्लोनचा स्पेक्ट्रम निर्वातातल्या वेव्हलेंथमध्ये असतो, तिथे सोडियम ८१८५.५ आणि ८१९७.१ ला धरायला हवा. सव्वादोन अँगस्ट्रॉम म्हणजे तिथे जवळपास ८२ किमी/से. स्लोनचा एक पिक्सेल ६९ किमी/से चा, म्हणून प्लॉटवर नुसतं बघून हे लक्षात येत नाही. मीही ह्यात दोन आठवडे घालवलेत.

प्रतिसाद २:
वरचं अगदी बरोबर, पण ८२ वजा केले तरी १८, २५, २९ उरतात आणि वेगाबरोबर वाढतायत. श्वेत बटू गरम असेल तर लाल बटूची त्याच्याकडची बाजू भाजून निघते, एच-अल्फा त्या बाजूने जास्त येतं आणि ती बाजू जोडीच्या गुरुत्वमध्याजवळ असल्यामुळे तिचा वेग कमी दिसतो. सोडियमचं उलट, तो तापलेल्या बाजूला फिका पडतो. एनएन सर्पेंटिस ह्या सुमारे ३ तासांच्या जोडीत हे ठळक दिसतं. पण तीन बिंदूंवर एवढं ठरवू नका, एका मापातच १० किमी/से ची चूक सहज असते. आणि दोन गोष्टी बघा. एच-अल्फाची एमिशन श्वेत बटूच्या दरीत बसलेली असते, खालची पातळी सपाट धरली तर केंद्र सरकतं. सोडियमच्या जागी पृथ्वीच्या हवेतल्या बाष्पाच्या रेषा येतात, त्या नीट निघाल्यात का?

मूळ धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार! ८२ चा घोळ निघाला, सोडियम आता ११०, १४५, १६५ देतोय. एच-अल्फा मी खरंच सपाट पातळी धरून फिट केली होती, आता दरीसकट परत करतोय. शिवाय झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीचा (आकाशाचे पुन्हा पुन्हा फोटो घेणारा सर्व्हे) ह्याच ताऱ्याचा ब्राइटनेसचा डेटा उतरवायला लावलाय. एका फेरीत एकच फुगवटा दिसला तर तापलेली बाजू आणि दोन दिसले तर ओढला जाऊन लांबट झालेला लाल बटू, असंच वाचायचं ना?