एडिटिंग सॉफ्टवेअर बंद पडतं तेव्हा आपल्या फोटोंचं काय?

अंधारखोली:
एक ठाम मत मांडतोय, पटलं नाही तर जरूर खोडून काढा. फोटोचं एडिटिंग मनासारखं झालं की त्याची पूर्ण आकाराची १६ बिट टिफ, म्हणजे तपशील न गाळणारी फाइल काढून ठेवलीच पाहिजे. सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत, पडून असलेल्या एडिटिंगला मी पूर्ण झालेलं काम मानत नाही.

कारण सांगतो. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं मूळ रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलला, हात लावत नाहीत. एक्स्पोझर एवढं वाढव, सावल्या एवढ्या उजळ, इथे क्रॉप कर, अशा सूचना बाजूला लिहून ठेवतात आणि फोटो उघडला की दर वेळी त्यांवरून तो नव्याने घडवतात. त्या सूचना समजणारं सॉफ्टवेअरच गेलं, तर आपल्या हातात उरते ती कोरी रॉ.

हे घडून गेलेलं आहे. अ‍ॅपलचं अ‍ॅपर्चर २००५ मध्ये आलं. जून २०१४ मध्ये त्यावरचं काम थांबवल्याचं कंपनीने जाहीर केलं, २०१५ मध्ये ते विक्रीतून गेलं आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून मॅकवर चालेनासं झालं. मधल्या काळात अ‍ॅडोबीने आपल्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये यायला प्लगइन (जोड-प्रोग्राम) दिलं होतं. त्यातून फोटोंना दिलेले तारे आले, कीवर्ड आले, अल्बमची रचना आली. फक्त रंगांवर आणि उजेडावर केलेलं काम आलं नाही. ते हवं असेल तर एडिट केलेल्या फोटोंच्या जेपेग प्रती सोबत न्यायच्या, एवढाच मार्ग होता.

निकॉनच्या कॅप्चर एनएक्स २ चं मला जास्त वाईट वाटतं. फोटोतल्या एखाद्या जागेवर कंट्रोल पॉइंट ठेवून फक्त तेवढाच भाग उजळवायची त्यातली सोय लोकांच्या हातात पक्की बसली होती. ते तंत्र निक सॉफ्टवेअरचं. २०१२ मध्ये गूगलने निक विकत घेतलं आणि २०१४ मध्ये निकॉनचं पुढचं सॉफ्टवेअर, एनएक्स-डी आलं, तेव्हा त्यात कंट्रोल पॉइंट नव्हते. नंतर निकॉनने ते परत आणले, पण मधली वर्षं ज्यांनी काढली त्यांनी काढलीच.

तिपाई:
असहमत, आणि चांगलाच असहमत.

आधी हिशोब बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो, तीन रंग, प्रत्येकी दोन बाइट. न दाबलेली १६ बिट टिफ १४४ एमबीची होते. एका समारंभातले ८०० फोटो निवडले तर ११५ जीबी. त्याचे दोन बॅकअप धरा. वर्षभर काम करणाऱ्या माणसाने हे सांभाळायचं कुठे?

दुसरं जास्त महत्त्वाचं. खरा ठेवा रॉ हाच आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची रॉ आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. नॉइज काढणं, हायलाइटमधला तपशील परत मिळवणं, सगळंच तेव्हापेक्षा कितीतरी सुधारलंय. जुनी टिफ जपून तुम्ही जुन्या इंजिनाच्या मर्यादाही जपून ठेवताय. सॉफ्टवेअर गेलं तर जाऊ दे, निवडक फोटो पुन्हा करा. आपली नजरही तोवर बदललेली असते.

अंधारखोली:
८०० ची टिफ काढा असं मी म्हणत नाहीये. अल्बमला गेलेले, प्रदर्शनात लावलेले, छापलेले, एवढ्यांचीच काढा. आणि नजर बदलते हे तुमचं म्हणणं माझ्याच बाजूचं आहे. गिऱ्हाईक सहा वर्षांनी येतं आणि म्हणतं, भिंतीवर आहे अगदी तसाच प्रिंट आणखी एक हवा. त्याला माझी आजची नजर नकोय, तेव्हाची हवीय.

मुक्तछंद:
दोघंही दुखण्याच्या मुळाशी जात नाही आहात. बंद कोडचं सॉफ्टवेअर वापरलं की हे आज ना उद्या होणारच. खुल्या कोडची सॉफ्टवेअरं बघा: डार्कटेबल २००९ पासून आहे, रॉथेरपी २०१० मध्ये मुक्त परवान्याखाली आलं. मूळ लोकांनी काम सोडलं तरी कोड राहतो, दुसरं कुणी पुढे नेतं. डार्कटेबलमध्ये कालबाह्य ठरवलेली मॉड्यूलं (एकेका कामाची साधनं) नव्या कामाला देत नाहीत, पण आत ठेवतात. का, तर त्यांवर केलेलं जुनं एडिटिंग जसंच्या तसं उघडावं. विकतच्या सॉफ्टवेअरची कंपनी विकली गेली की सगळंच नव्या मालकाच्या हातात. निक कलेक्शनचंच, म्हणजे त्याच निकच्या एडिटिंग साधनांच्या संचाचं, बघा. गूगलने मार्च २०१६ मध्ये ते फुकट केलं, २०१७ मध्ये अपडेट देणार नाही म्हणून सांगितलं, त्याच वर्षी ते डीएक्सओ या कंपनीकडे गेलं आणि २०१८ मध्ये पुन्हा विकत झालं.

धूसर:
मुक्तछंद, डार्कटेबल मीही वापरते आणि मनापासून वापरते. तरी एक गोष्ट स्वतः करून बघा. रॉच्या शेजारी तयार होणारी, एडिटिंगच्या सूचना ठेवणारी एक्सएमपी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. लाइटरूमची असेल तर एक्स्पोझर, कॉन्ट्रास्ट अशी नावं आणि पुढे आकडे, माणसाला वाचता येतील असे दिसतात. डार्कटेबलच्या फाइलमध्ये मॉड्यूलचं नाव वाचता येतं, पण सेटिंगच्या जागी आकडे-अक्षरांची लांबलचक सलग ओळ असते. उलगडायला डार्कटेबलच लागतं. म्हणजे कोड खुला असला तरी ते एडिटिंग दुसरीकडे जसंच्या तसं नेता येत नाही.

आणि आकडे वाचता आले तरी काय उपयोग? दोन सॉफ्टवेअरं एकच रॉ वेगवेगळ्या पद्धतीने सोडवतात. मूळ टोन कर्व्ह (उजेड-अंधाराची घडण) वेगळा, रंगांचे प्रोफाइल वेगळे. तोच आकडा दोन्हीकडे टाकला तर त्वचेचा रंग एकसारखा येत नाही. लाइटरूमने स्वतःची प्रक्रिया २०१० आणि २०१२ मध्ये बदलली, तेव्हा जुन्या फोटोंसाठी जुनी प्रक्रिया आत तशीच ठेवावी लागली. एकाच घरात ही अवस्था.

शटर:
मला हे अती भीतीचं वाटतं. सॉफ्टवेअर बंद झालं म्हणून त्याच दिवशी संगणकावरून नाहीसं होत नाही. लाइटरूम ६ हे एकदाच पैसे भरून मिळणारं शेवटचं, २०१५ चं. २०१७ नंतर त्याला अपडेट नाहीत, तरी लोक ते पुढे कितीतरी वर्षं वापरत होते. वर्गणीच्या लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबवली तर त्यातला डेव्हलप हा एडिटिंगचा भाग बंद होतो, पण लायब्ररी उघडते, एडिट केलेले फोटो एक्स्पोर्टही करता येतात. जुना संगणक नेटपासून तोडून बाजूला ठेवा, विषय संपला.

अंधारखोली:
शटर, जुना संगणक हा काही महिन्यांचा आधार आहे, त्यावर पुढची वर्षं काढता येत नाहीत. त्याची डिस्क गेली, नवीन घातली, की सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं आणि त्याची परवानगी कंपनीच्या सर्व्हरकडून घ्यायची. फोटोशॉप वगैरेंच्या सीएस२ या जुन्या आवृत्तीचा सर्व्हर अ‍ॅडोबीने बंद केला, तेव्हा २०१३ च्या सुरुवातीला त्यांनी परवानगी न लागणाऱ्या प्रती उपलब्ध करून दिल्या. चांगलं केलं. पण प्रत्येक कंपनी तसं करेलच यावर मी माझं काम टांगून ठेवणार नाही.

शिवाय बहुतेकांचं अडतं ते नवीन कॅमेरा घेतल्यावर. बंद पडलेलं सॉफ्टवेअर त्याची रॉ ओळखतच नाही.

शटर:
त्यावर डीएनजी हा अ‍ॅडोबीचा खुला रॉ प्रकार आहे ना. नवीन कॅमेऱ्याची रॉ डीएनजीमध्ये बदलली की जुनं सॉफ्टवेअर बरेचदा ती उघडतं.

कोपऱ्यातलाउजेड:
इतकी चर्चा फाइलींची झाली, हाताची कुणीच केली नाही.

मी रोज एडिटिंग करून पोट भरते. माझं सॉफ्टवेअर बंद झालं तेव्हा फाइली सगळ्या सहीसलामत होत्या. गेला तो वेग. कुठल्या कळीने पुढचा फोटो, कुठल्या कळीने तुलना, किती ओढलं की सावली उघडते पण चेहरा राखाडी पडत नाही, हे सगळं बोटांत होतं. बघायचं फक्त फोटोकडे, हात आपोआप चालायचा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये मी फोटोकडे कमी आणि पट्ट्यांकडे जास्त बघत होते, आणि ते कामात दिसत होतं. एकसारख्या प्रकाशातल्या फोटोंना तीन तऱ्हेचा रंग जायचा. तिपाई म्हणतात पुन्हा करा. करू, पण तो वेळ कुणी देत नाही, आणि ठरलेली तारीख पुढे जात नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की बंद होणार अशी घोषणा झाल्यावर शोधाशोध करू नये. चालू सॉफ्टवेअर ठणठणीत असतानाच दुसरं एक शिकत राहावं. घाईच्या कामावर नको, स्वतःच्या फोटोंवर.

तिपाई:
हे मात्र मनापासून पटलं. वेळेचा मुद्दा मी हलका धरला होता.

धूसर:
आणखी एक, नावांबद्दल. गूगलच्या पिकासात ज्यांनी घरातल्या जुन्या फोटोंना मथळे दिले, त्यांचे मथळे जेपेगच्या आतच लिहिले जायचे. मार्च २०१६ मध्ये पिकासा थांबलं तरी ते आज कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. पण चेहऱ्यांना दिलेली नावं? ती फोटोत लिहायचा पर्याय वेगळा निवडला नसेल, तर ती पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत राहायची, काही भाग फोल्डरमधल्या एका छोट्या लपलेल्या फाइलीत. ती निरुपयोगी समजून कितीतरी जणांनी पुसून टाकली असेल. रंग पुन्हा करता येतात हो. फोटोतली तिसरी बाई कोण, हे सांगणारं माणूस गेलं तर काय करणार? कीवर्ड, मथळा, तारखा फाइलीत किंवा एक्सएमपीत लिहायचा पर्याय आजच चालू करा. आणि लक्षात ठेवा, लाइटरूममधली कलेक्शन्स आणि व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोचं दुसरं एडिटिंग) तरीही कॅटलॉगमध्येच राहतात.

तिपाई:
नावांबाबत काही वादच नाही, ती आधी वाचवा. टिफबाबत मी अजून तिथेच आहे. निवडक फोटोंसाठीसुद्धा रॉ आणि सोबत उत्तम दर्जाची जेपेग पुरते. भिंतीवरचा तोच प्रिंट हवा ना, जेपेग दाखवते तसाच छापा.

अंधारखोली:
तोच आकार, तोच कागद असेल तर चालेल. पण दुसरा कागद आला की थोडं उजळवावं लागतं, आणि तिथे जेपेग हात टेकते. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १६ बिटमध्ये ६५,५३६. संध्याकाळच्या मोकळ्या आकाशाचा एक फोटो घ्या, दोन्ही प्रती काढा, दोन्हींच्या सावल्या सारख्याच उचला आणि मोठं करून आकाश बघा. जेपेगमध्ये पट्टे दिसले नाहीत तर इथे येऊन सांगा, मी टिफचा हट्ट सोडेन.