हिमचादरी वितळायला शतकं लागतील, यात दिलासा कसला?

दर्यावर्दी: ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे 7 मीटरने चढेल, पण त्याला शेकडो-हजारो वर्षं लागतील, मग आत्ताच आरडाओरडा कशाला, असं वारंवार ऐकायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. ही हिमचादर मध्यभागी 3 किलोमीटर जाड आहे. माथा एवढा उंच आहे म्हणूनच तिथे इतका गारठा टिकतो. बर्फ वितळून माथा खाली आला की त्याला उबदार हवा लागते आणि तो आणखी वितळतो. हे चक्र एका हद्दीपलीकडे गेलं, की मागे फिरवणं फार अवघड. ती हद्द आपल्याच हयातीत ओलांडली जाऊ शकते.

साशंक: असहमत. तरंगता बर्फ वितळल्याने पातळी जवळपास वाढतच नाही, हे बातम्यांत कुणी सांगत नाही. अंटार्क्टिकावर तर 2021 ते 2023 मध्ये भरपूर हिमवृष्टी होऊन बर्फ वाढला. 1993 पासून समुद्र चढलाय जेमतेम 10 सेंटीमीटर. सतत घाबरवलं की लोक ऐकणंच सोडून देतात.

दर्यावर्दी: त्या 10 सेंटीमीटरमागचा वेग या काळात साधारण दुप्पट झालाय, तेही बघा. आणि तरंगत्या बर्फाचं म्हणाल तर 2002 मध्ये अंटार्क्टिकातला लार्सन बी हा आइस शेल्फ, म्हणजे जमिनीवरच्या बर्फाला जोडलेला तरंगता बर्फाचा थर, काही आठवड्यांत फुटला. त्याने पाणी चढलं नाही, कबूल. पण त्याने अडवून धरलेल्या हिमनद्या कित्येक पट वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या. मला खरी धास्ती अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीची वाटते. तिचा तळ समुद्रसपाटीखाली आहे आणि आत जावं तसा आणखी खोल होतो. कोमट खारं पाणी खालून बर्फ पोखरतं, आणि हिमनदी जितकी मागे हटेल तितका जास्त जाड बर्फ पाण्याच्या तोंडी येतो. तिथे वरून कितीही बर्फ पडला तरी काय उपयोग?

हिमकण: सागरी प्रवाहांचं कुणीच बोललं नाही. ग्रीनलंडचं गोडं पाणी मिसळलं की उत्तर अटलांटिकचं पाणी हलकं होतं, नीट बुडत नाही, आणि उष्णता उत्तरेकडे नेणारं अभिसरण मंदावतं. मात्र ते उद्याच बंद पडेल असंही कुणी म्हणू नये. 2100 पूर्वी ते अचानक कोसळणार नाही, असं आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने, 2021 मध्ये 'मध्यम खात्रीने' म्हटलंय.

साशंक: थ्वेट्सचा मुद्दा मान्य. तरी माझं म्हणणं, घाबरवण्यापेक्षा आधी किनाऱ्यांच्या बचावावर पैसा लावा.

दर्यावर्दी: जरूर लावा. पण बांध किती उंच घालायचा? एकटी थ्वेट्स पूर्ण वितळली तर समुद्र 65 सेंटीमीटरने चढेल; ते त्यात धरायचे की नाही, हे आपण किती कार्बन सोडतो त्यावरही ठरणार आहे.