मदत हवी आहे: सोअस ॲब्सेस (कमरेच्या आतल्या स्नायूत पू), पिगटेल म्हणजे पू काढायच्या नळीसह पेशंट घरी आणावा का?

वडील, वय ६७, डायबेटिस, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.६, थोडं वाढलेलं. राहायला पुण्यात धनकवडी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

तीन आठवडे संध्याकाळी ताप आणि उजव्या जांघेत दुखणं. पाय पोटाशी दुमडूनच झोपायचे, सरळ करायला गेलं की चादर मुठीत घट्ट धरायचे. आधी सायटिका समजून गोळ्या आणि शेक झाला, त्यात दहा दिवस गेले. याची फार रुखरुख आहे.

एमआरआयमध्ये उजव्या सोअस स्नायूत ८ सेंमीचा पू, कमरेच्या एल२-एल३ मणक्यांनाही संसर्ग. सोनोग्राफीवर बघून पिगटेल टाकली. पहिल्या दिवशी १८० मिली पू निघाला, आता रोज २५-३० मिली येतो. साधं कल्चर निगेटिव्ह (अँटिबायोटिक आधीच चालू होतं), पण पुवाच्या सीबीनॅटमध्ये (टीबीची जनुकीय तपासणी) टीबी निघाला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स नाही. एकेटीचा (टीबीच्या औषधांचा) आज नववा दिवस. ताप उतरलाय, शुगर इन्सुलिनवर आटोक्यात. पायांत ताकद आहे, लघवी-संडासवर ताबा आहे. ऑपरेशन सध्या नको म्हणालेत.

आता नळी ठेवूनच डिस्चार्ज देतो म्हणतात. औषधांबद्दल विचारत नाही, ती डॉक्टर बघतायत. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: नळी घरी किती दिवस ठेवली, ड्रेसिंगला सिस्टर घरी येत होत्या का, आणि काढण्याआधी पुन्हा स्कॅन केला होता का?