मदत हवी आहे: जुनं ईटीए २८२४-२ मशीन डायव्हर केसमध्ये बसवायचं आहे (नागपूर)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. एका जुन्या स्विस घड्याळातलं अस्सल ईटीए २८२४-२ (पुढे नुसतं २८२४) हे ऑटोमॅटिक मशीन हाताशी आहे. मूळ केसचं सोन्याचं पाणी उडालंय, पट्ट्याजवळचं पितळ घामाने खाल्लंय, मशीन मात्र चालू आहे. ते रोलेक्स सबमरिनरच्या घाटाच्या ४० मिमी डायव्हर (पाणबुड्यांच्या घड्याळाच्या) केसमध्ये बसवायचंय. समोर दोन पर्याय आहेत.

(अ) एनएच३५ या जपानी मशीनसाठी बनवलेली बिननावाची केस, सोबत डायल आणि काटे.
(ब) ऑनलाइन मिळणारा तयार सेट, डायलवर बड्या ब्रँडचं नाव आणि चिन्ह छापलेला.

२८२४ यात बसेल का? काटे तेच चालतील का? स्टेम (चावीची मशीनमध्ये जाणारी दांडी) किती कापायची? आणि हाताने चावी दिली की आत रोटर (हाताच्या हालचालीने फिरून चावी देणारं वजन) गरगर फिरतो, हे बरोबर आहे का? कॅलिपर, चिमटे आणि पेचकसांचा संच आहे. टाइमग्राफर (घड्याळाचे ठोके मोजणारं यंत्र) नाही.

ठोका

आधी (ब) बाजूला ठेवा. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ खाली खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. तुम्ही विकणार नसाल, पण घड्याळं माणसापेक्षा जास्त जगतात. उद्या कोणी झाकण उघडलं आणि आत खरं स्विस मशीन दिसलं, तर घेणारा बाहेरच्या नावावरही विश्वास ठेवेल. मशीन अस्सल असल्यानेच फसवणूक पक्की होते.

कोऱ्या डायलचं घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. ट्यूडर या स्विस ब्रँडच्या ७९०९० सबमरिनरमध्ये हेच २८२४-२ होतं, म्हणजे डायव्हर घड्याळाला हे मशीन परकं नाही.

बॅलन्सव्हील

(अ) पण घेऊ नका भाऊ, कारण मापाचं आहे. २८२४-२ चा व्यास २५.६ मिमी, उंची ४.६ मिमी. एनएच३५ चा व्यास २७.४ आणि उंची ५.३२. म्हणजे एनएच३५ च्या रिंगमध्ये (मशीनला केसमध्ये धरून ठेवणाऱ्या कड्यात) तुमचं मशीन चारही बाजूंनी ०.९ मिमी सैल बसेल आणि झाकणाकडे ०.७२ मिमी पोकळी राहील. रिंग बदलून सैलपणा जातो, स्टेमची उंची जात नाही. दोन्ही मशीनमध्ये डायलच्या पातळीपासून स्टेमचं भोक वेगळ्या खोलीवर आहे. केसच्या नळीतून स्टेम तिरकी शिरली की चावी फिरवताना खरखर लागते, आटे नीट धरत नाहीत, आणि काही महिन्यांत स्टेम मानेपाशी तुटते.

'२८२४ / एसडब्ल्यू२०० साठी' असं लिहिलेली केस मागवा. सेलिटा एसडब्ल्यू२००-१ हे २८२४ च्याच घडणीचं मशीन, मापं तीच आहेत, २५.६ आणि ४.६, त्यामुळे अशा केसेस भरपूर मिळतात. आली की काही कापण्याआधी एक तपासणी करा. डायलसकट मशीन रिंगमध्ये बसवून केसमध्ये ठेवा आणि चावीच्या नळीतून भिंगाने आत पाहा. स्टेमचं भोक नळीच्या बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. चंद्रकोरीसारखं कापलेलं दिसलं तर केस परत करा, कानस घेऊन बसू नका.

डायलही २८२४ चीच हवी. एनएच३५ च्या डायलचे पाय दुसऱ्या जागी असतात. पाय कापून चिकटपट्टीच्या टिकल्यांवर डायल बसवणारे आहेत, पण टिकली जराशी सरकली तरी तारखेची चकती अडते, आणि खिडकीत आकडा मधोमध येईलच असं नाही.

तासकाटा

काट्यांचं उत्तर राहिलं. २८२४ ला भोकं लागतात तास १.५०, मिनिट ०.९०, सेकंद ०.२५. एनएच३५ च्या सेटमध्ये तास आणि मिनिट तेच, सेकंद मात्र ०.२०. वरचे दोन सहज बसतात म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि सेकंदाचा काटा दाबायला जातो. तो जात नाही, आणखी दाबला की सेकंदाच्या चाकाची बारीक दांडी वाकते. मग ते चाक बदलण्यावाचून गत्यंतर नाही. २८२४ चाच सेट घ्या.

बसवताना आधी काट्यांविना चावी फिरवत राहा, तारीख 'टक' करून बदलली की थांबा. त्या क्षणी तासकाटा बरोबर १२ वर, त्यावर मिनिटकाटा. मग पूर्ण बारा तास फिरवून आडवं धरून पाहा. काटा-काटा आणि काटा-डायल यांच्यात सगळीकडे उजेडाची फट दिसली पाहिजे. डायव्हरचे काटे चकाकीच्या लेपामुळे जाड असतात, घासण्याची तक्रार बहुतेक इथलीच.

सैल_स्टेम

पैसे वाचवायचे असतील तर मशीन आणि रिंग यांच्या मधल्या फटीत टेप गुंडाळूनही काम भागतं नं?

बॅलन्सव्हील

नाही. टेपचा गोंद नागपूरच्या मे महिन्यात पातळ होतो, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर विचारूच नका. तो सरळ बॅलन्सकडे (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाकडे) सरकतो. धातूची रिंग आणि तिचे दोन क्लॅम्प-स्क्रू, यालाच धरून राहा.

आता स्टेम. जुनी काढताना मशीनवरचा स्टेमजवळचा बारीक खळगा पेचकसाने हलकेच दाबा आणि चावी ओढा. जोर लावला की सेटिंग लिव्हर (स्टेम धरून ठेवणारी पट्टी) जागेवरून सरकते, क्लच योकमधून सुटतो, आणि पूर्ण डायल उतरवून ते सगळं परत जुळवावं लागतं. घाई इथेच महागात पडते.

नवी स्टेम ०.९० आट्याची, चावीही त्याच आट्याची. न कापलेली स्टेम चावीत पूर्ण आवळा, मशीन केसमध्ये पक्कं करा, स्टेम आत ढकला. डायव्हरची चावी नळीवर आट्यांनी आवळली जाते आणि तिच्या आत स्प्रिंग असते. आता बोटाने चावी दाबून ती स्प्रिंग पूर्ण बसवा आणि चावीची कड व केस यांतली फट मोजा. कापायची लांबी तेवढीच, पण एका दमात नाही. फटीपेक्षा ०.३ मिमी कमी कापा, उरलेलं कानशीने घेत प्रत्येक वेळी बसवून पाहा. शेवटी स्प्रिंगला ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक राहील इतकं आणखी घ्या. कापायची ती आट्याची बाजू, आणि कापल्यावर टोकाची धार मोडा.

लांब राहिली तर चावी आटे धरत नाही, धरलीच तर सगळा दाब स्टेमवर जातो. आखूड झाली तर चावी उघडली तरी तिचे आटे नळीत अडकून राहतात आणि घड्याळाला चावी देता येत नाही. आखूड झालेल्या स्टेमला इलाज नाही, म्हणून दोन स्टेम मागवा. माप जमल्यावरच स्टेमच्या आट्यांवर लॉकटाइट २२२ (आटे सैल होऊ न देणारा गोंद) चा टिपका लावा.

ठोका

रोटर गरगर फिरणं बरोबर नाही. किंचित हलला तर चालतं, पंख्यासारखा फिरला तर रिव्हर्सिंग व्हील (रोटरची चावी मशीनकडे नेणारी चाकं) मळलेत. ते साफ होईपर्यंत हाताने चावी देऊ नका, दाते झिजतात. ते व्हील धुऊन, ल्युबेटा व्ही१०५ या खास वंगणात बुडवून सुकवतात. साधं तेल टाकलं तर पुन्हा चिकटतात.

एवढं उघडणारच आहात तर पूर्ण सर्व्हिस करून घ्या. वंगणं अशी: वेगवान चाकांना मोबियस ९०१०, संथ चाकांना एचपी१३००, पॅलेटला (ठोके देणाऱ्या काट्याच्या खड्यांना) ९४१५. ऑटोमॅटिकच्या बॅरलच्या (मुख्य स्प्रिंगच्या डबीच्या) भिंतीला मात्र ८२१७ सारखं पकडणारं ग्रीस लागतं, नाहीतर स्प्रिंग आधीच घसरते आणि घड्याळ रात्रीत बंद पडतं. आणि पॅलेट फोर्क व बॅलन्स स्पिरिटमध्ये कधीही टाकू देऊ नका. त्यांचे खडे शेलॅकने चिकटवलेले असतात, स्पिरिटमध्ये शेलॅक विरघळतो. पांढरं पेट्रोल चालतं.

नागपुरातल्या बर्डी किंवा इतवारी बाजारात ज्या घड्याळजीकडे टाइमग्राफर असेल त्याच्याकडे तपासा. यंत्रात लिफ्ट अँगल ५० अंश, ठोके ताशी २८,८०० ठेवायला सांगा. पूर्ण चावीत डायल वर असताना ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २७० अंशांच्या पुढे, बीट एरर (दोन बाजूंच्या झोक्यांतला फरक) ०.८ मिलिसेकंदाच्या आत. घड्याळ उभं धरल्यावर ॲम्प्लिट्यूड २२० च्या खाली गेलं तर केस बंद करू नका.

रबर_रिंग

केस बंद करायची जागाही नीट निवडा. बाहेरची हवा मे महिन्यात कोरडी असते, पण कूलरच्या खोलीत ओल भरलेली असते, वरून वाळ्याचे तंतू उडतात. कूलर बंद, एसी चालू, मगच झाकण आवळा. पावसाळ्यात तर एसीशिवाय नकोच. झाकणाची रबरी रिंग नवी, तिला सिलिकॉन ग्रीस बोटाला जेमतेम लागेल इतकंच. जास्त लावलं तर ते आत पसरतं.

घरची तपासणी: घड्याळ ४५ अंशांच्या आसपास कोमट करा, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा, एक मिनिटाने पुसा. काचेच्या आतून धुक्याचा ठिपका राहिला तर ओल आत आहे. यातून आत ओल आहे की नाही तेवढंच कळतं. पाण्यात घालण्याआधी प्रेशर टेस्टरवर तपासणी हवीच. दुकानात 'बादलीत बुडवून पाहतो' म्हणाले तर घड्याळ उचलून आणा. डायव्हर म्हणवायला आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकात किमान १०० मीटर आणि त्यावर सव्वापट दाबाची चाचणी सांगितली आहे. तुमच्या जोडलेल्या घड्याळासाठी १० बारची (साधारण १०० मीटर पाण्याच्या दाबाची) चाचणी पास झाली तर पावसात आणि पोहण्याच्या तलावात निर्धास्त घाला.

धागाकर्ता

मनापासून आभार. (ब) रद्द, (अ) पण रद्द. एसडब्ल्यू२०० ची केस, कोरी डायल, ०.२५ चा सेकंदकाटा आणि दोन स्टेम मागवतो. एकच शंका: बिनतारखेची डायल घेतली तर?

तासकाटा

चालेल. फक्त चावीची पहिली खेच रिकामी लागेल, कारण तारखेची चकती डायलखाली फिरतच राहते. ती काढायच्या भानगडीत पडू नका.