अनुभव धागा : क्लोजर, 'अनडिफाइन्ड' आणि डिफॉल्ट

क्लोजरमधील (म्हणजे बाहेरची व्हेरिएबल्स सोबत धरून ठेवणाऱ्या फंक्शनमधील) व्हेरिएबल ऐन वेळी रिकामे, म्हणजे 'अनडिफाइन्ड', निघाले, किंवा डिफॉल्टने (काही दिले नसल्यास धरायच्या किमतीने) भलतीच किंमत पुरवली, असे आपले अनुभव नाशिककर प्रोग्रॅमर मंडळींनी येथे कारणासह लिहावेत. चूक कशी सापडली, हेही आवर्जून सांगावे.

सातपूरहून

कारखान्यातील 12 यंत्रांचा फलक मी जावास्क्रिप्टमध्ये केला होता. लूपमध्ये प्रत्येक बटणाला फंक्शन जोडले, पण कोणतेही बटण दाबले तरी यंत्राच्या नावाच्या जागी 'अनडिफाइन्ड' दिसे. दोन दिवस मी यंत्रांची यादीच तपासत राहिलो आणि ती निर्दोष होती. शेवटी फंक्शनच्या आत लूपचा गणक छापून पाहिला, तेव्हा बाराही बटणांकडून 12 हाच आकडा आला. क्लोजर त्या क्षणाची किंमत टिपून ठेवत नाही, ते व्हेरिएबलच धरून ठेवते. 'व्हार'ने घोषित केलेला गणक सर्व फेऱ्यांना मिळून एकच असल्याने लूप संपताना तो 12 वर थांबला होता, आणि 0 ते 11 क्रमांकांच्या यादीत त्या जागी काहीच नव्हते. जावास्क्रिप्टच्या 2015 च्या मानकातील 'लेट' प्रत्येक फेरीला स्वतंत्र व्हेरिएबल देते. एवढा एक शब्द बदलला आणि फलक चालू झाला.

पिंपळगाव बसवंतहून

कांद्याची हिशोबपट्टी करणाऱ्या माझ्या क्लोजरमध्ये, हमाली भरलेली नसल्यास ठरलेली रक्कम धरावी म्हणून दोन उभ्या रेघांचा 'ऑर' वापरला होता. हमाली खरोखरच शून्य असलेल्या एका शेतकरी काकांच्या पट्टीतूनही ती कापली गेली, कारण 'ऑर' शून्यालाही 'अनडिफाइन्ड'सारखेच बाजूला सारतो. त्यांनी पट्टी दाखवून विचारले तेव्हा मला फार वाईट वाटले. पैसे त्याच दिवशी परत केले. आता मी जावास्क्रिप्टच्या 2020 च्या मानकातील दोन प्रश्नचिन्हे वापरतो, जी केवळ 'नल' (मुद्दाम रिकामी ठेवलेली किंमत) किंवा 'अनडिफाइन्ड' असेल तरच डिफॉल्ट घेतात. पॅरामीटरचा (फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या किमतीचा) डिफॉल्ट मात्र 'नल' आल्यावर लागू होत नाही. सर्व्हरकडून माहिती घेणाऱ्यांनी हे जरूर तपासावे.

गंगापूर रोडवरून

पायथनमध्ये लूपमधील लॅम्डांचा (छोट्या बिननावी फंक्शनांचा) माझाही सातपूरसारखाच घोटाळा झाला होता. सरांनी गणकच पॅरामीटरचा डिफॉल्ट म्हणून द्यायला सांगितले. पायथनमध्ये डिफॉल्ट फंक्शन तयार होतानाच एकदा ठरतो, त्यामुळे प्रत्येक लॅम्डापाशी आपापला आकडा राहिला. पुढे याच नियमाने मला अडकवले : डिफॉल्ट म्हणून रिकामी यादी दिली आणि एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याच्या यादीत जमा होऊ लागले. आता डिफॉल्ट 'नन' (पायथनमधील 'काहीच नाही') ठेवते आणि यादी फंक्शनच्या आत तयार करते.