मदत हवी आहे: बोडीतल्या मोठ्या मरळीसाठी लुअर (नकली आमिष) कोणता? (हाताशी सॅल्मनचे लुअर आहेत)

नमस्कार मंडळी. गरीने मासे धरण्याची जाण असलेल्यांकडून सल्ला हवा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेपासून जवळच. गावाला जुना मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे आणि पाळीखालच्या धानाच्या बांध्या ओलांडल्या की आमच्या घरची बोडी, म्हणजे छोटं तळं. दोन्हीत मरळ आहे. तलाव ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे आहे, त्यांना विचारूनच मी गरी टाकतो. बारकी मरळ गांडुळावर येते. दोन किलोच्या वरची मात्र गांडुळाकडे बघतही नाही. कमळाच्या पानांमधून हवा घ्यायला वर येते, पाणी हलतं आणि पुन्हा खाली. जिवंत बेंडूक गळाला लावला तर ती येईल हे ठाऊक आहे, पण ते मला करायचं नाही. धानावरची कीड खाणारा जीव आहे तो.

माझा भाचा कॅनडात ब्रिटिश कोलंबियात शिकतो. तिथे त्याला सॅल्मन धरायचा नाद लागला आणि त्याने गावी येताना माझ्यासाठी लुअरचा डबा आणला. त्यात जाड पितळी चमचे आहेत (स्पून म्हणतात ते), गोल फिरणाऱ्या पात्याचे स्पिनर आहेत आणि केळ्यासारखे वाकडे, पोकळ प्लास्टिकचे मोठे प्लग आहेत. रंग भडक: नारिंगी, गुलाबी, पोपटी. हे सगळं चिनूक जातीच्या सॅल्मनसाठी. पॅसिफिकमधला हा सर्वांत मोठा सॅल्मन. अलास्काच्या केनाय नदीत १९८५ साली गरीवर ४४ किलोचा निघाला होता.

भाच्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सॅल्मन समुद्रातून अंडी घालायला नदीत शिरला की खाणं बंद करतो, तरीही लुअरवर तुटून पडतो. भूक नसते, समोर आलेल्या वस्तूची चीड येते. म्हणून तिथले लोक लुअर निवडताना मासा काय खातो यापेक्षा त्याला काय खटकेल हे बघतात. गढूळ पाण्यात भडक रंग, स्वच्छ पाण्यात चांदीसारखा किंवा हिरवा. जोरदार प्रवाहात प्लग, खोल डोहात चमचा.

आपली मरळही रागीट. मग हेच तिला चालेल का? की मोठ्या माशाला मोठा लुअर हा हिशेब इथे लागूच होत नाही? माझ्याकडे सात फुटी रॉड, साधी स्पिनिंग रील आणि नायलॉनची दोरी आहे. डब्यातलं काय ठेवू, काय बदलू आणि नवीन काही घ्यायचंच झालं तर काय घेऊ, ते सांगा जी.

प्रतिसाद: पाणवठा

भाऊ, प्रश्न चांगला मांडला. मी गोंदियाकडच्या तलावांवर बरीच वर्षं मरळीच्या मागे आहे.

लुअर माशाच्या वजनावरून निवडू नका, पाण्यावरून निवडा. सॅल्मनची नदी वाहती, तळाला गोटे. तिथला प्लग प्रवाहात नाव धरून ठेवून मागे सोडतात, पाण्याच्या जोराने तो डुलतो. तुमच्या बोडीत पाणी उभं आणि वर कमळ. प्लग ओढाल तेव्हा तो खाली बुडी मारेल आणि देठात अडकेल. चमच्याचंही तेच, टाकला की बुडतो. स्पिनरला बहुधा तीन तोंडांचा गळ असतो, तो तर गवताची पेंढीच घेऊन येईल.

मरळीला पोकळ रबरी बेंडकाचा लुअर घ्या, साधारण पाच-सहा सेंटिमीटरचा, दहा-पंधरा ग्रॅमचा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वरच्या बाजूला असतात, त्यामुळे तो कमळाच्या पानावरून घसरत जातो, अडकत नाही. मरळीने तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. आणि तुम्हाला जिवंत बेंडूक नकोच आहे, तर याहून चांगलं काय.

रंगाची फार काळजी करू नका. मरळ खालून वर बघते, तिला आभाळावर आकार दिसतो. मी ढगाळ दिवशी काळा वापरतो.

टाकताना तिच्या डोक्यावर टाकू नका. जिथे पाणी हललं त्याच्या हातभर पलीकडे टाका आणि थांबत थांबत तिच्या जवळून आणा. ती झडपली की लगेच झटका देऊ नका. पाण्याचा आवाज ऐकून हात आपोआप वर जातो आणि लुअर तिच्या तोंडातून निसटतो. दोरी ताणली गेली, वजन जाणवलं, की मग जोरात ओढा. नायलॉन बदला, ते ताणलं जातं आणि गळ रुतत नाही. चाळीस पौंडाची ब्रेडेड (विणलेली) दोरी लावा, कारण मासा लागल्यावर त्याला कमळाबाहेर सरळ ओढून आणावं लागतं.

प्रतिसाद: सिरोंचाकडचा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आमच्याकडे पलीकडचे तेलंगणावाले मरळीला कोर्रमीनू म्हणतात, त्यांच्या राज्याचा मासाच आहे तो. हवेत श्वास घेते म्हणून बाजारात जिवंत विकली जाते आणि भावही चांगला मिळतो. त्यामुळे तिच्यावर आधीच खूप ताण आहे.

म्हणून एक विनंती. तुम्ही रागाचं लिहिलंत. मरळीचा राग सर्वांत जास्त कधी असतो? पावसाळ्यात, पिल्लं राखताना. पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा खळबळताना दिसला की खाली आईबाप असतातच, आणि त्या वेळी जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर ते झडप घालतात. तिथे कोणताही लुअर चालतो. पण तो मासा काढला तर पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. गोळा दिसला की गरी गुंडाळा, दादा. बोडी घरचीच आहे, पुढच्या वर्षी तीच पिल्लं तुमची.

प्रतिसाद: पाणवठा

हे माझ्याकडून राहिलं होतं, बरं झालं सांगितलंत. अगदी खरं आहे.

सॅल्मनचे चमचे फेकू नका. पाऊस ओसरल्यावर वैनगंगेच्या डोहात शिवड्यासाठी वापरून बघा. वाहतं, खोल पाणी आणि मासे खाणारा मोठा मासा, तिथे हा लुअर बरोबर बसतो. शिवड्याच्या जबड्यात बारीक दातांच्या पट्ट्या असतात, दोरी घासून तुटते, म्हणून पुढे तारेचा तुकडा लावा. शिवडा कमी होत चाललाय, धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे. मोठा निघाला तर फोटो काढून सोडा.

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. गोळ्याची गोष्ट घरच्या पोट्ट्यांनाही सांगतो, तेही काठावर बसतात.

एक अजून सांगा. ब्रिटिश कोलंबियात सॅल्मनसाठी एकेरी आणि उलटा काटा नसलेलाच गळ लावावा लागतो, म्हणून भाच्याने डब्यातल्या गळांचे काटे पक्कडीने दाबून ठेवलेत. मासा सोडायचा असेल तर ते चांगलंच. पण रबरी बेंडकाचे काटेही दाबले तर मरळ टिकेल का?

प्रतिसाद: पाणवठा

टिकते, फक्त दोरी क्षणभरही सैल सोडायची नाही. मी दाबूनच वापरतो. आणि ब्रह्मपुरीकडचं जंगल म्हणजे वाघाचा मुलूख. पहाटेच्या अंधारात एकटे पाळीवर जाऊ नका. नीट उजाडल्यावरही मरळ वर येतेच.