बागेतली हत्यारं, घरातली अवजारं: काय टिकलं, काय भंगारात गेलं?

पाऊस संपला की आमच्या ठाण्यात दरवर्षी तेच, बाल्कनीतलं खुरपं गंजलेलं, कात्री उघडता उघडत नाही, आणि आपण परत मोबाईल काढून नवीन मागवणार. ऑनलाइनचे स्टार बघून घेतलेली वस्तू मातीत कशी निघते ते वापरणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून हा धागा काढतेय. बागकामाचं, किचनमधलं, काहीही चालेल. फक्त "मस्त आहे, घेऊन टाका" एवढंच नको, कशाला वापरता आणि बिघडलं तर दुरुस्त होतं का तेही लिहा. कंपनीच्या नावाने खडे फोडू नका प्लीज.

माझ्यापासून सुरुवात. ते सेटमध्ये मिळणारं पत्र्याचं रंगीत खुरपं कोकोपीटमध्ये (नारळाच्या भुशात) छान चालतं, पण कुंडीतली लाल माती वाळून कडक झाली की मानेतच वाकतं. सरळ करा, परत तिथेच वाकणार. आता जांभळी नाक्यावरून घडीव लोखंडाचं घेतलंय. त्याची शेपटी लाकडी मुठीत पार आतपर्यंत गेलीय आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी आहे. दुकानात टोक फरशीवर दाबून बघते, मान जरा जरी लवली तरी नको. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

घोडबंदरची जास्वंद
ताई, झाडं छाटायच्या कात्रीबद्दल लिहिते, आमच्याकडे सगळे सिकेटर म्हणतात. दोन प्रकार असतात. एकात दोन पाती एकमेकांना घासून पुढे जातात, दुसऱ्यात एक पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन आदळतं. ओल्या फांदीला पहिलाच घ्या, दुसऱ्याने हिरवी फांदी चेचली जाते आणि चेचलेली जागा काळी पडते. वाळकी काटकी असेल तर दुसरा उत्तम, हाताला जोर कमी लागतो. आणि एक, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (ती पांढरी, कापसासारखी कीड) असेल तर तीच कात्री तशीच मोगऱ्याला लावू नका, मध्ये स्पिरिटने पुसून घ्या. घेताना स्प्रिंग सुटी मिळते का ते विचारा, कारण सगळ्यात आधी तीच उडून कुठेतरी गॅलरीच्या जाळीतून खाली जाते, खाली पार्किंगमध्ये कोण शोधणार.

नेरूळचे काका
आमच्याकडे खाडीची खारी हवा, त्यामुळे गंजाचा विषय माझा. स्टेनलेस लवकर गंजत नाही हे खरं पण स्वस्तातल्याची धार पटकन जाते. कार्बन स्टीलची धार राहते पण पुसून ठेवायचा कंटाळा केलात तर गेलंच म्हणून समजा. मी एका जुन्या बादलीत कोरडी वाळू घेऊन त्यात थोडं मशीनचं तेल कालवून ठेवलंय, काम झालं की माती झटकून खुरपं त्यात दोनदा खुपसायचं, घासलंही जातं आणि तेलही लागतं. लाकडी मुठीला जवसाचं तेल चोळतो. बायको म्हणते एवढी काळजी माझ्या गुडघ्यांची घ्या.

ऐरोलीकर
बागेचं नाही, मिक्सरचं चालेल ना? मोटर ओरडतेय पण जारमधलं पातं जागचं हलत नाही असं झालं की लगेच मोटर गेली असं समजू नका. जारखालचा कपलर बघा, म्हणजे मोटरला पातं जोडणारी दातेरी चकती, त्याचे दात झिजलेले असतात. तो रबराचा किंवा प्लॅस्टिकचा मुद्दामच ठेवतात, पात्यात काही अडकलं की आधी तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. आणि मिक्सर एकदम गप्प झाला तर उलटा करून बघा, खाली लाल बटण असतं, जरा थंड होऊ द्या आणि दाबा. सुक्या खोबऱ्याचं वाटण सलग फिरवलं की आमचा हमखास रुसतो, 750 वॅटचा असूनसुद्धा.

वसंत विहार
गॅसच्या केशरी नळीवर छापलेलं वर्ष बघितलंय का कोणी? 5 वर्षांनी बदलायची असते. बघा आजच.

खारघरची सून
पंख्याचं सांगते. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (बिनब्रशच्या मोटरचा, आत सर्किट असलेला) 28 ते 35, बिलात फरक दिसतो, मान्य. पण आमच्या एकाचं सर्किट गेलं तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने हात वर केले, कंपनीचा माणूस येईपर्यंत मे महिना घामात काढला. साध्या पंख्याचा कपॅसिटर तोच माणूस पाच मिनिटांत बदलून जातो. त्यामुळे हॉलमध्ये बीएलडीसी आणि बेडरूममध्ये जुनाच ठेवलाय. रिमोट सोफ्यात हरवतो तो वेगळाच ताप. बाकी आईंची खोवणी असलेली विळी अजून चालू आहे, फक्त तिला धार लावायला माणूस मिळत नाही.

घोडबंदरची जास्वंद
अगं येतो की धारवाला सायकलवर, पण वॉचमन गेटवरूनच हाकलतो. आमच्याकडे कमिटीला सांगून रविवारी सकाळी गेटबाहेर उभं राहायची परवानगी मिळवलीय. विळ्या, सुऱ्या, कात्र्या घेऊन सगळी विंग खाली येते. सिकेटर देताना मात्र सांगा, धार एकाच बाजूने लावायची, दोन्हीकडून घासली की पाती नीट मिटत नाहीत.